श्रीलंका १८, अमेरिका १७ : बाळंतपणातल्या मृत्यूंचा हिशेब

आडवाट | सोमवार, रात्री १०:१२

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये माता मृत्यूंचा अहवाल काढला. त्यात २०२३ पर्यंतचे आकडे आहेत. दर १ लाख जिवंत जन्मांमागे किती बायका गरोदरपणात, बाळंतपणात किंवा नंतरच्या ४२ दिवसांत त्याच कारणाने दगावल्या, असा तो हिशेब. नायजेरिया ९९३. चाड ७४८. अफगाणिस्तान ५२१. भारत ८०. नॉर्वे १. इथपर्यंत मी चहा पीत वाचत होते. मग श्रीलंका १८ आणि अमेरिका १७ दिसलं आणि ओळ चुकली की काय म्हणून पुन्हा वर गेले. अमेरिकेचं दरडोई उत्पन्न श्रीलंकेच्या वीसेक पट आहे. श्रीलंकेचं तर २०२२ मध्ये दिवाळं निघालं होतं, पेट्रोलच्या रांगा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या.

मला नुगेगोडाच्या घरातली एक दुपार आठवली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं कोलंबोला होतो. घरमालकीणबाई खाली, आम्ही वर. त्यांच्या सुनेला सहावा महिना होता. एक दिवस एक बाई छत्री मिटत आल्या, व्हरांड्यात बसल्या आणि पिशवीतून जाडजूड वही काढली. सुनेचं वजन, रक्तदाब, पायावर अंगठा दाबून सूज बघणं, सगळं तिथल्या तिथे झालं. मी जिन्यावरून बघत होते. त्यांनी मान वर केली, मला जरा न्याहाळलं आणि मालकीणबाईंना सिंहलीत काहीतरी विचारलं. मालकीणबाई हसायलाच लागल्या. "त्या म्हणतायत, ही वर राहते ती माझ्या वहीत कशी नाही?"

मला तेव्हा दोन महिने झाले होते. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं! (सकाळपासून तीनदा उलटी झाली होती, तोंडावर दिसत असणार.) पुढच्या खेपेला माझं एच-५१२ कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं) तयार होतं.

या बाई म्हणजे तिथल्या पब्लिक हेल्थ मिडवाइफ. तीन ते पाच हजार वस्तीमागे एक. ही व्यवस्था आजची नाही. १९२६ मध्ये कोलंबोच्या दक्षिणेला कालुतारा इथे पहिलं हेल्थ युनिट निघालं, तिथून ती पसरत गेली. १९३० च्या दशकात श्रीलंकेचा दर २ हजारांच्या वर होता. पन्नास बाळंतपणांत एक आई जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरिया आटोक्यात आला, हिवतापाने पिवळ्या पडलेल्या बायकांच्या अंगात रक्त राहू लागलं. सुईणींना शिकवून त्या खेडोपाडी नेमल्या, सरकारी दवाखाना फुकट केला, मुली शाळेत गेल्या. १९५० च्या सुमाराला दर पाचशेच्या आसपास आला होता. तेव्हा श्रीलंका गरीबच होती, आणि नंतरही बराच काळ होती.

दुसरी गोष्ट मला तिथल्या एका डॉक्टरबाईंनी सांगितली. बाळंतपणात कुणी गेलं की चौकशी लागते. इस्पितळात वेगळी, घरी जाऊन वेगळी, मग जिल्ह्याला बैठक, मग कोलंबोला. ती घरून कधी निघाली, वाहन कुणी आणलं, रक्त कधी मागवलं, सगळं मांडलं जातं.

माझा अंदाज असा की श्रीलंकेचं गुपित या दोन गोष्टींत आहे: बाई अडण्याआधी तिची नोंद असणारी वही, आणि ती गेल्यावर होणारी चौकशी. तुम्हाला काय वाटतं? वेगवेगळ्या देशांत राहणारे बरेच जण इथे आहेत, तिथला अनुभव लिहा.

आकडेमोड | सोमवार, रात्री ११:३०

धागा चांगला आहे, पण १८ आणि १७ यांची अशी कुस्ती लावू नका. हे अंदाज आहेत, प्रत्येकाला खालची-वरची मर्यादा असते. नायजेरियाच्या ९९३ मध्ये तर ती मर्यादा फारच रुंद आहे, कारण तिथे बहुतेक मृत्यूंची नोंदच होत नाही. सर्वेक्षणात घरोघरी विचारायचं, "तुमच्या सख्ख्या बहिणी किती, त्यातल्या किती गेल्या, कशाने?" आणि त्यावरून गणित मांडायचं.

अमेरिकेची गंमत वेगळी. तिथे २००३ पासून मृत्यूच्या दाखल्यावर एक चौकोन आला: मृत स्त्री वर्षभरात गरोदर होती का? एकेका राज्याने तो आपापल्या सवडीने घेतला, शेवटच्या राज्याला २०१७ उजाडलं. जसजसा चौकोन पसरला तसतसा दर चढत गेला. मग लक्षात आलं की लोक चुकून टिचकी मारतायत. ८५ च्या पुढच्या आज्यासुद्धा कागदोपत्री गरोदर निघाल्या. त्यामुळे "अमेरिकेत माता मृत्यू दुपटीने वाढले" अशा मथळ्यांतला बराच भाग त्या चौकोनाचा आहे. तरीही तिथल्या सरकारी आकडेवारीत २०२१ चा दर ३२.९ होता (कोविड), २०२३ ला १८.६. श्रीमंत देशांत हे खूपच आहे. जपान, स्वीडन पाचाच्या आत आहेत.

भारतात नमुना नोंदणी पद्धत आहे. २००१-०३ ला ३०१, २०१८-२० ला ९७, २०२०-२२ ला ८८. पण भारताचा एक आकडा सांगणं म्हणजे सरासरी दोन फूट पाणी म्हणून नदी ओलांडायला सांगणं. २०१८-२० चेच घ्या: केरळ १९, महाराष्ट्र ३३, आसाम १९५. एका पासपोर्टात दहा पट फरक.

खवचट_खार | सोमवार, रात्री ११:४१

म्हणजे दर कमी करायचा खात्रीचा उपाय: मोजू नका.

आकडेमोड | सोमवार, रात्री ११:४४

@खवचट_खार, थट्टा वाटेल, पण उलटं खरंच घडतं. नीट शोधायला लागलं की दर आधी वाढतो.

भूलवाली | मंगळवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी संपवून लिहितेय, शुद्धलेखन माफ.

विदर्भात जिल्हा रुग्णालयात आठ वर्षं आणि आता इंग्लंडमध्ये सहा. दोन्हीकडे बायका त्याच कारणांनी अडतात. रक्तस्राव, रक्तदाब चढून झटके, जंतुसंसर्ग, आणि इंग्लंडमध्ये पायातली गुठळी फुप्फुसात जाणं. जगभर पहिला नंबर रक्तस्रावाचा. वार पडली, पण गर्भाशयाची पिशवी आकसली नाही, तर नळ उघडा राहिल्यासारखं रक्त जातं. धडधाकट बाई दोन तासांत जाऊ शकते. मराठवाड्यातलं गाव असो की मँचेस्टर, हे दोन तास तेवढेच.

फरक पडतो तो या दोन तासांत काय घडतं त्याने. आमच्या विषयात तीन उशीर शिकवतात: घरच्यांनी निर्णय घेण्यातला उशीर, पोचण्यातला उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. पहिल्या दोनवर लेख खूप येतात, तिसऱ्यावर कमी. रुग्णवाहिका वेळेत आली, बाई टेबलावर आहे, आणि रक्तपेढी ६० किलोमीटरवर. मी अशा एका रात्री नवऱ्याच्या हातात नमुन्याची बाटली देऊन त्याला मोटरसायकलवर पाठवलं होतं. तो परत येईपर्यंत आम्ही पिशवीवर मूठ दाबून बसलो होतो, आळीपाळीने, मी आणि सिस्टर. ती वाचली. दुसऱ्या एकीच्या वेळी नाही जमलं.

औषधं म्हणाल तर महाग नाहीत. पिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिन थंडीत ठेवावं लागतं, २ ते ८ अंशांत. वीज गेली, फ्रिज बंद पडला की इंजेक्शनचं पाणी होतं आणि ते कुणाला कळतही नाही. (हेच औषध गोठ्यात म्हशींना पान्हा फुटावा म्हणून टोचतात. त्यावरून २०१८ मध्ये केंद्र सरकारने खाजगी उत्पादनावर बंदी घातली होती, दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतिणीचं औषध म्हशीच्या भांडणात अडकलेला दुसरा देश मला माहीत नाही.) ट्रॅनेक्झामिक ॲसिड तर १९६० च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर ते चालतं हे २१ देशांतल्या २० हजार बायकांवरच्या चाचणीने २०१७ मध्ये दाखवलं. पण तीन तासांच्या आत दिलं तर. पुन्हा घड्याळच.

आणि मुळात अंगात रक्त किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्याकडच्या ५२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या. हिमोग्लोबिन ६ असलेली बाई एक लिटर गेल्यावर जाते, १२ असलेली उठून चहा मागते.

कुंदाप्रेमी | मंगळवार, सकाळी ९:२०

भूलवाली, रक्त किती गेलं हे डोळ्यांनी कळत नाही, यावर आमच्या बेळगावचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बायकांवर एक अभ्यास झाला, २००६ ला छापून आला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बायकांना एएनएमने (उपकेंद्राच्या नर्सबाईने) गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने द्यायच्या. ना सुई, ना फ्रिज. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. त्यासाठी रक्त मोजायचं कसं? तर एक साधी प्लॅस्टिकची चादर बनवली, खाली निमुळती पिशवी आणि त्यावर मापाच्या रेघा. बाईच्या अंगाखाली ती सरकवायची, पिवळी रेघ, लाल रेघ. चादरीशिवाय नुसत्या नजरेने अंदाज घेतला की तो तिसऱ्या हिश्श्याने कमी यायचा. म्हणजे "फार नाही गेलं हो" म्हणणारी सिस्टर खोटं बोलत नसते, फरशीवर सांडलेलं आणि फडक्यात मुरलेलं दिसतच नाही.

२०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात मोठी चाचणी झाली, त्यात अशाच मापाच्या चादरीने लवकर ओळखून सगळे उपचार एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव ६० टक्क्यांनी घटला. वाचून कॉलर ताठ झाली.

आणि याच बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये गेली. २०१२, ऑक्टोबर. सतरावा आठवडा, गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालेलं, तिने आणि नवऱ्याने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके आहेत तोवर कायद्याने नाही म्हणाले. जंतुसंसर्ग अंगभर पसरून ती गेली. आयर्लंडचा माता मृत्यू दर तेव्हाही जगातल्या सर्वांत कमी दरांत होता. चादर होती, औषध होतं, रक्त होतं, दोन पावलांवर अतिदक्षता विभाग होता. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी गर्भपात रोखणारं ते घटनाकलम काढून टाकलं. पुढे काही लिहवत नाही.

वाचनखूण | मंगळवार, सकाळी १०:०५

कायद्याने आकडा कसा हलतो याचं जास्त भयंकर उदाहरण रुमानिया. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये लोकसंख्या वाढवायला गर्भपातबंदी आणली. बायका चोरून करू लागल्या. १९८९ पर्यंत माता मृत्यू दर १५९ झाला, युरोपातला सर्वांत वाईट. डिसेंबर १९८९ ला राजवट कोसळली, त्याच महिन्यात बंदी उठली, आणि १९९० चा दर थेट ८३. एका वर्षात ना दवाखाने वाढले, ना डॉक्टर.

@आडवाट, तुमच्या श्रीलंकेतही आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात गुन्हाच आहे ना? १८८३ च्या ब्रिटिश दंडसंहितेपासून.

आडवाट | मंगळवार, सकाळी १०:४०

हो, खरं आहे. आणि तिथे चोरट्या गर्भपाताने बायका अजूनही मरतात. मूळ धाग्यात मी ते लिहायला हवं होतं. जे भावलं तेवढंच लिहिलं.

ओहायोचा_बंड्या | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

अमेरिकेला शिव्या घालायचा धागा आला की हजेरी लावावी लागते.

माझ्या बायकोची दोन बाळंतपणं इथे झाली. खोली पंचतारांकित, मॉनिटरवर सगळं. पण तिसऱ्या दिवशी घरी, आणि पुढची भेट सहा आठवड्यांनी. मधल्या काळात फोन करायचा असेल तर करा. मुलाला तपासायला बालरोगतज्ज्ञ चार वेळा, आईला कुणीही नाही. सासूबाई मुंबईहून आल्या होत्या म्हणून निभावलं. तुमचे ते ४२ दिवस म्हणजे जवळपास आपला सव्वा महिना झाला. सव्वा महिना बाळंतिणीवर कुणाची तरी नजर असावी ही अक्कल इथे यायची आहे. वर्षभराचा हिशेब धरला तर इथले निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणानंतर आठवडा उलटून गेल्यावरचे आहेत.

दहातली चार बाळंतपणं इथे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यावर, मेडिकेडवर होतात. कितीतरी बायकांचा तो विमा ६० दिवसांनी बंद व्हायचा. २०२२ पासून राज्यांना तो वर्षभर वाढवायची मुभा मिळाली. खेड्यांत प्रसूती विभाग बंद पडत चाललेत, तोट्यात जातात म्हणून. माझ्या गावाबाहेर मक्याच्या शेतांतून गाडी हाकत पाऊण तासावर बाळंत व्हायला जाणाऱ्या बायका आहेत, आणि बर्फ पडला की विचारू नका.

आकडेमोड यांनी जे सांगितलं नाही ते: २०२३ मध्ये गोऱ्या बायकांचा दर १४.५, काळ्या बायकांचा ५०.३. शिकलेल्या, पैसेवाल्या काळ्या बायकाही यातून सुटत नाहीत. सेरेना विल्यम्सने स्वतः लिहिलंय: २०१७ मध्ये सिझेरियननंतर श्वास अडकू लागला, गुठळीचा जुना त्रास असल्याने तिला काय चाललंय ते कळलं, तिने तपासणी मागितली, आणि नर्सला वाटलं औषधाने ती बरळतेय. फुप्फुसात गुठळ्या निघाल्या. जगातल्या सर्वांत दणकट बाईचं कुणी ऐकत नसेल तर...

आता बाजूही घेतो. कॅलिफोर्नियाने २००६ पासून ठरवून काम केलं. प्रत्येक प्रसूती विभागात रक्तस्रावाची एक ढकलगाडी: औषधं, रक्त थांबवायचा फुगा, टाके, कोणी कुणाला बोलवायचं याचा कागद, सगळं एका जागी. २०१३ पर्यंत दर १६.९ वरून ७.३. बाकीच्या देशात तेव्हा चढत होता. म्हणजे जमतं.

शेवंती | मंगळवार, रात्री ८:३०

स्वीडनहून. इथे चर्चने १७४९ पासून जन्ममृत्यूच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्यात, पाद्री वही भरायचा. (आडवाट, पुन्हा वही!) १७५१ मध्ये इथल्या आरोग्य आयोगाने सांगितलं की बाळंतपणात गेलेल्या ६५१ बायकांपैकी निदान ४०० जणी पुरेशा शिकलेल्या सुईणी असत्या तर वाचल्या असत्या. आपल्याकडे तेव्हा नानासाहेब पेशवे होते, म्हणजे बघा. मग सुईणींच्या शाळा, आणि १८२९ पासून त्यांना बाळ ओढून काढायचे चिमटे वापरायची परवानगी. अँटिबायोटिक्स नसताना दर घसरत गेला.

अमेरिकेत १९३० च्या सुमाराला दर ६०० च्या वर होता, स्वीडनच्या कितीतरी पुढे, आणि तेव्हाही अमेरिका जास्त श्रीमंत होती. तिथे डॉक्टरांनी सुईणींना हुसकावून लावलं आणि घाईघाईने चिमटे लावत सुटले. बंड्याभाऊ, दुखणं जुनं आहे.

लागोसचा_नाना | बुधवार, पहाटे १:१०

नायजेरियावर कुणी लिहीना म्हणून मी. अकरा वर्षं झाली इथे. २०२३ मध्ये जगात बाळंतपणात गेलेल्या २ लाख ६० हजार बायकांपैकी ७५ हजार एकट्या नायजेरियात गेल्या.

आमच्या कारखान्याच्या रखवालदाराची बायको. रात्री कळा सुरू झाल्या, त्याने केके आणली (केके म्हणजे आपली बजाजचीच तीनचाकी, फक्त पिवळी). पहिल्या दवाखान्यात विचारलं, कार्ड आहे का? तिथे नाव घातलं नव्हतं. दुसरीकडे अनामत रक्कम मागितली. त्याने मला फोन केला, मी ड्रायव्हरबरोबर पैसे पाठवले. तोवर पहाट. डॉक्टर म्हणाले, रक्त लागेल, दोन रक्तदाते आणा. कारखान्यातली रात्रपाळीची पोरं टेम्पोत घालून नेली. मुलगा वाचला, आई दुपारी गेली. बिल चुकतं झाल्याशिवाय मृतदेह देईनात.

त्या डॉक्टरला मी नंतर भेटलो. तरुण पोरगा, तीस तासांच्या ड्युटीवर. आता तो बर्मिंगहॅमला आहे. इथे देश सोडून जाण्याला जापा म्हणतात, योरुबा शब्द आहे. इस्पितळातला प्रत्येक जण जापाच्या गोष्टी करतो. भूलवाली ताई, तुमच्या वॉर्डात नायजेरियन सिस्टर असतीलच.

भूलवाली | बुधवार, दुपारी २:००

नाना, आहेत. कालच्या रात्रपाळीला होत्या त्या तिघींपैकी दोघी.

निवृत्त_एएनएम | बुधवार, रात्री ९:०५

मी या संस्थळावर फक्त वाचते. मुलीने टाईप करून दिलंय, मी सांगतेय.

एकतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची चौदा सातपुड्यात, नंदुरबारकडे. श्रीलंकेच्या बाईंच्या वहीचं वाचलं. वही आमचीही होती, एक नाही, पंधरा-वीस रजिस्टरं. पण माझ्याकडे अकरा पाडे, त्यातल्या चारला रस्ता नाही. बाईला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून उतरवायचं. पेपरवाल्यांनी त्याला बांबूलन्स नाव दिलंय, तुम्ही वाचलं असेल. सरकारने माहेरघर योजना आणली तेव्हा जरा बरं झालं. दिवस भरायच्या आधीच बाईला आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूल असेल तर तेही. (मुलगी सांगतेय की क्युबात अशी घरं १९६२ पासून आहेत.) पण बाई म्हणते, मी इथे बसले तर शेळ्या कोण बघेल?

आणि चौकशीचं सांगते. आपल्याकडेही माता मृत्यू अन्वेषण समिती आहे. बैठक होते, फॉर्म भरतात. माझ्या भागातली एक गेली तेव्हा मला बोलावलं. टेबलाभोवती साहेब बसलेले, मी उभी. पहिला प्रश्न, तुम्ही घरी भेट कधी दिली? तारीख सांगितली. दुसरा, सही कुठे आहे? वरच्या दवाखान्यात तिला तीन तास कुणी हात लावला नव्हता, ते फॉर्ममध्ये आलं नाही. नोटीस मला मिळाली. त्यानंतर माझ्या ओळखीच्या दोन जणी काय करायच्या, तर बाई जास्त झाली की घाईने पुढे पाठवून द्यायच्या. आपल्या हद्दीत जायला नको. रस्त्यात गेली तर गेली.

आडवाट | बुधवार, रात्री ९:५०

सिस्टर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मूळ धाग्यात मी "चौकशी" असं एका शब्दात उरकलं होतं. श्रीलंकेत चौकशीला मिडवाइफ बसलेली असते की उभी, हे मी विचारलंच नव्हतं. त्या डॉक्टरबाईंना आज मेसेज केला. त्या म्हणाल्या, "बसलेली. पण घाबरलेली असतेच."

भूलवाली | गुरुवार, सकाळी ७:१५

इंग्लंडमध्ये १९५२ पासून ही चौकशी गोपनीय असते. केस पेपरवरून बाईचं, डॉक्टरचं, इस्पितळाचं नाव पुसून मगच तज्ज्ञांकडे जातो. कोण चुकलं हे त्यांना कळूच शकत नाही, काय चुकलं तेवढंच कळतं. त्यातूनच कळलं की इथेही काळ्या बायकांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. सिस्टर, तुमचे तीन तास या पद्धतीत पहिल्या पानावर आले असते.

तिरफळ | गुरुवार, सकाळी ११:३०

धागा वाचून झोप उडाली. बहीण आठव्या महिन्यात आहे, पहिलंच. सासर पुण्याला, परवाच रत्नागिरी जिल्ह्यात आईकडे आलीये, पद्धतीप्रमाणे. ओटीभरण जोरात झालं. कार्ड विचारलं तर म्हणते पुण्याला कपाटात राहिलं. भूलवाली, नक्की काय काय बघू?

भूलवाली | गुरुवार, दुपारी १:०५

घाबरू नका, बहुतेक बायका सुखरूप मोकळ्या होतात. भाऊजींना आत्ता फोन करा, कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मागवा. रक्तगट? शेवटचं हिमोग्लोबिन किती आणि कधीचं? रक्तदाब घरी कुणाला बघता येतो का? जिथे नाव घालणार तिथून रक्तपेढी किती लांब, रात्री चालू असते का, हे स्वतः जाऊन विचारा, फोनवर हो म्हणतात. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, अंगावरून जाणं, बाळाची हालचाल कमी: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, हे आज ठरवा.

निवृत्त_एएनएम | गुरुवार, दुपारी ३:४०

गावातल्या आशाताईला घरी बोलवा. तिच्या यादीत बहिणीचं नाव नसणार, माहेरवाशीण आहे ना. घालून घ्या.

तिरफळ | पुढच्या मंगळवारी, रात्री १०:२०

फोटो आले. रक्तगट ओ निगेटिव्ह. पुण्यातलं शेवटचं हिमोग्लोबिन १०.१ होतं, पण ते चौथ्या महिन्यातलं. काल तपासलं तर ८.४. गोळ्या खात नव्हती, मळमळतं म्हणून. आज शिरेतून लोहाचा पहिला डोस दिला, दुसरा शुक्रवारी. रक्तपेढी ४० मिनिटांवर, रात्री बेल वाजवली की उघडतात, मीच रात्री साडेअकराला जाऊन बेल वाजवली. तिथल्या काकांनी ओ निगेटिव्हवाले चौघे लिहून दिलेत, त्यातला एक आमच्या शाळेतला. आशाताई येऊन गेल्या. त्यांनी वहीत नाव घातलं आणि पहिलं काय विचारलं असेल? "आठवा लागला आणि मला आत्ता सांगताय?"